बाकीतच किंमत

२क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ या बहुपदीला (क्ष − २) ने भागले, तर बाकी −१२ येते. आता भागाकार विसरा आणि क्षच्या जागी सरळ २ घाला: १६ − १२ − २२ + ६. उत्तर पुन्हा −१२. पाठ्यपुस्तकात याला शेष सिद्धांत म्हणतात. पण असे का व्हावे?

१७ ला ५ ने भागले, की १७ = ५ × ३ + २ असे लिहिता येते. बहुपदींचेही तेच: भाज्य = (क्ष − २) × भागाकार + बाकी. भाजकाची कोटी १ असल्याने बाकीत क्ष उरत नाही. ती निव्वळ संख्या असते. ही समता क्षच्या प्रत्येक किमतीला खरी आहे, म्हणजे २ लाही. क्ष = २ घेताच कंस शून्य होतो, भागाकार कसाही असला तरी ते पद नाहीसे होते आणि बाकी तेवढी राहते. चाणाक्ष विद्यार्थी इथे हटकेल, ‘हा शून्याने भागाकार झाला ना?’ नाही. समता गुणाकाराची आहे, आणि शून्याने गुणायला कसलीच आडकाठी नाही.

आता ३ घेऊन संश्लेषक भागाकार करू. सहगुणक २, −३, −११, ६. पहिला २ तसाच खाली उतरवा. त्याला ३ ने गुणून पुढच्यात मिळवा: ३. पुन्हा तसेच: −२. पुन्हा: ०. बाकी शून्य, म्हणजे बहुपदीची किंमत शून्य, म्हणजे ३ हे मूळ. आधीच्या २, ३, −२ या संख्या भागाकाराचे सहगुणक आहेत: २क्ष² + ३क्ष − २. खरे तर आपण ((२क्ष − ३)क्ष − ११)क्ष + ६ याची किंमत आतून बाहेर काढत होतो. वाटेतली आकडेमोड हाच भागाकार ठरला.

३ निवडला तोही अंदाजपंचे नाही. सहगुणक पूर्णांक असताना परिमेय मुळाचा, संक्षिप्त रूपात, अंश ६ चा विभाजक असतो आणि छेद २ चा. त्यामुळे तपासायला १२ च संख्या उरतात.

२क्ष² + ३क्ष − २ चे अवयव (२क्ष − १) आणि (क्ष + २). उरलेली मुळे १/२ आणि −२. मूळ सापडले की त्याच्या अवयवाने भागून कोटी एकाने उतरवता येते, हे देकार्तने १६३७ सालच्या ‘ला जिओमेत्री’त सांगितले आहे. तिसऱ्या कोटीच्या बहुपदीला चौथे मूळ का नसते, याचे उत्तरही त्यातच आहे: तीन मुळांनी तीन कोटी उतरल्या, की उरते शून्येतर संख्या. तिला कोणतीही किंमत शून्य करू शकत नाही.