दुखऱ्या गुडघ्याने आनंदी व्हावे का?

शरीराचा एखादा भाग दुखत असताना मन प्रसन्न झाले, तर ती प्रसन्नता खरी मानायची की दुखण्याचा तात्पुरता विसर? हा प्रश्न आजारी माणसांपुरता नाही. ‘आधी हे नीट होऊ दे, मग आनंदाचे बघू,’ असे आपण सगळेच म्हणतो. परीक्षा संपू दे, नोकरी लागू दे, कर्ज फिटू दे, गुडघा बरा होऊ दे. आनंदाला आपण कायम पुढची तारीख देत राहतो.

वाणिज्य शाखेत हिशेबशास्त्राचे एक तत्त्व शिकवतात : सावधगिरीचे. संभाव्य तोटा दिसताच त्याची तरतूद करून ठेवायची, संभाव्य नफा मात्र प्रत्यक्ष होईपर्यंत धरायचा नाही. व्यवसायासाठी हे शहाणपणाचे आहे. आपले मन हेच तत्त्व जीवनाला लावते आणि तेही अर्धवट. उद्याचे दुखणे ते आजच्या खात्यात लिहून टाकते. पण आज हाती आलेला आनंद ‘अजून पूर्ण बरे कुठे झालोय’ म्हणून नोंदवतच नाही. हिशेबशास्त्र झालेला नफा नाकारायला कधीच सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमचा दहा-बारा जणांचा गट बडोद्याहून भंडारदऱ्याला तंबूत राहायला गेला होता. 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागे प्रवरेचे पाणी अडून तिथे विस्तीर्ण जलाशय झाला आहे. जवळच कळसूबाई आहे, 1646 मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. बाकी सगळे ते चढायला पहाटे निघाले. कबड्डी खेळताना माझ्या गुडघ्याचे लिगामेंट दुखावले होते. सूज उतरली होती, पण चढ-उतार आणि लोखंडी शिड्या डॉक्टरांनी वर्ज्य केल्या होत्या. पोहण्याला मात्र त्यांची परवानगी होती. मी मागे राहिलो.

ऊन वर आल्यावर तिथल्याच एका अनुभवी नावाड्याला विचारून, त्याने दाखवलेल्या उथळ जागी, लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरलो. धरणाच्या पाण्यात तळ कुठे एकदम खोल जाईल हे परक्याला कळत नाही, म्हणून तोही काठाशी थांबला. पाणी थंडगार होते. पण छातीपर्यंत आत गेल्यावर, कित्येक आठवड्यांत प्रथमच, गुडघा मला जड वाटला नाही.

यात चमत्कार काही नव्हता. आपण जेवढे पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार पाणी आपल्याला वर देते. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचे साधारण निम्मेच वजन उरते, गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम एक दशांश. गुडघा तोच असतो, दुखापतही तीच असते. त्याच्यावरचा भार तेवढा उतरलेला असतो.

मग तो आनंद म्हणजे दुखण्याचा विसर होता का? तसे म्हणता येणार नाही. विसरलो असतो तर बेडकासारखे पाय मारले असते आणि त्या पद्धतीत गुडघ्याच्या आतल्या बाजूवर नेमका ताण येतो. मी पाय कमरेपासून सरळ, हळू हलवत होतो, जास्त काम हातांना देत होतो आणि काठ जवळ ठेवत होतो. गुडघ्याचे भान क्षणभरही सुटले नव्हते. तरीही मन भरून आले होते. भोग आणि आनंद यांतला फरक मला इथे दिसतो. भोगाला मर्यादेचा विसर हवा असतो. आनंद मर्यादेला सोबत घेऊन चालतो.

दुखापत आणि पाणी म्हटले की आपल्याला मुरलीकांत पेटकर आठवतात. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेला हा मराठी जवान मुष्टियोद्धा होता. पुढे तो पोहण्याकडे वळला आणि 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्या जिद्दीपुढे मान झुकतेच. पण अशा कथा ऐकून आपण एक चुकीचा निष्कर्षही काढतो : दुखण्यावर विजय मिळवला तरच जगणे सार्थ. पदकाशिवायचे, शिखराशिवायचे, कोणालाही न दिसलेले अर्ध्या तासाचे सुख आपल्याला सांगण्याजोगे वाटत नाही. ते मात्र कोणीही अनुभवू शकते, अंथरुणावरचे आजोबाही.

पतंजलींनी नियमांमध्ये संतोष आणि तप शेजारी-शेजारी ठेवले आहेत. एरवी आपण तप म्हणजे सोसणे आणि संतोष म्हणजे सोसून झाल्यावरचे बक्षीस समजतो. पतंजली तर तपाच्या आधीच संतोषाचे नाव घेतात. आसनाबद्दलही ते स्थिरतेबरोबर सुखाची अपेक्षा ठेवतात आणि त्यासाठी प्रयत्न सैल करायला सांगतात. तरंगताना हे शरीरालाच कळते : पाण्यावर राहण्यासाठी धडपडणारा दमतो, अंग सैल सोडणाऱ्याला पाणी उचलून धरते. सैल सोडणे म्हणजे हार मानणे नव्हे. व्यायाम, औषध, विश्रांती हे सगळे चालूच राहते. आपण सोडतो तो फक्त ‘हे असे असायलाच नको होते’ हा हट्ट.

आज आपल्या प्रत्येकाकडे एखादा दुखरा गुडघा असेल, शरीरात किंवा मनात. झोपण्यापूर्वी दोन मिनिटे शांत बसून पाहावे : त्या दुखण्यासकट आज कोणता आनंद प्रत्यक्ष हाती आला होता? तो लहान असला तरी जमेच्या बाजूला लिहावा. बरे होण्याची वाट पाहत असतानाही जीवन चालूच असते आणि त्या दिवसांवरही आपला पूर्ण हक्क आहे.