लांब केलेला हात

शास्त्रपाठ : मार्क ३:१-५



वाळलेल्या हाताच्या मनुष्याला प्रभूने सभास्थानात सर्वांच्या मध्ये उभे केले व हात लांब करावयास लावला. जो हात तो लपवीत असेल, तोच बरा झाला.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली भगिनीही भीतीने हात अंगाशी धरून ठेवते, आणि खांदा आखडतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने परिचारिका तिला भिंतीवर बोटे चालवीत हात रोज थोडा वर न्यावयास शिकविते. काखेतील ग्रंथी काढल्या असतील तर त्या हाताला पुढेही सूज येऊ शकते. कापणे, भाजणे यांपासून त्याला जपावे लागते. अमेरिकेत टेरेसी लॅसर यांनी १९५२ साली स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर अशाच भगिनींना भेटून धीर देण्यास व व्यायाम शिकविण्यास आरंभ केला.

आपल्या मंडळीत अशी कोणी मागच्या बाकावर पदर ओढून बसते काय? हे कोणाच्या पापाचे फळ, अशी कुजबूज करू नका. योहान ९:३ वाचा. प्रार्थनेला जाल तेव्हा तिची घागरही भरून द्या आणि विचारा, “ताई, आज हात किती वर गेला?” प्रभू जिला मध्ये उभी करतो, तिला आपण कोपऱ्यात ठेवू नये. आमेन.