आकडे खुले, सभा बंद

खुल्या विदेच्या, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या सरकारी आकड्यांच्या, चर्चेत गडचिरोलीचं नाव सहसा येत नाही. यायला हवं, कारण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने माहिती खुली करण्याचं काम संगणकाशिवाय करून दाखवलं आहे. तिथे निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. पण त्याआधी अभ्यास गट बसतो. गावकरी असतात, बाहेरचा जाणकार असतो. विषय जंगल, कायदा, मध, बांबू. गटाला निर्णयाचा अधिकार नाही, आणि माझ्या मते हीच त्यातली खुबी. कुणाला जिंकायचं नसल्यामुळे प्रश्न विचारणं सोपं जातं. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत वर्षानुवर्षं टिकवली. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळेना. ते २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा ग्रामसभेच्या हाती पडलं. बांबू किती गेला, कुणाकडे गेला, ही वनखात्याने ठेवायची नोंद गाव स्वतः लिहू लागलं.

आता जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं मुलचेरा पाहा. तालुक्याच्या ठिकाणांना नगरपंचायत देण्याच्या धोरणानुसार २०१५ साली इथे नगरपंचायत झाली. १७ प्रभाग आले, मुख्याधिकारी आले. ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभा मात्र गेली. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा पंचायतींपुरता, तो नगरपंचायतीच्या वेशीवर थांबतो. काल सभेत उठून खर्च विचारणारा माणूस आज माहिती अधिकाराचा अर्ज लिहितो. दर्जा वाढला म्हणायचं आणि बोलायची जागा काढून घ्यायची, असा हा प्रकार. राज्याच्या नागरी कायद्यांत २००९ साली मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली.

अंदाजपत्रक, खर्च, लाभार्थ्यांच्या याद्या न मागता जाहीर करा, असं २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं. केंद्राने २०१२ साली खुल्या विदेचं धोरण आणलं. पुणे महापालिकेनेही पुढे आपलं पोर्टल उघडलं. तैवानमध्ये २०१२ सालीच काही तरुणांनी सरकारी अंदाजपत्रक चित्रांत मांडलं. त्यांची ही चळवळ टिकली ती मात्र लोक पुन्हा पुन्हा एकत्र बसत राहिले म्हणून. आपण पोर्टल उचललं, बैठक विसरलो.

मुलचेऱ्यात बैठक भरवायची तर एका भाषेवर भागणार नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती या तालुक्यात आहेत. गोंडी, माडिया, तेलुगू कानावर पडतात. तेव्हा कागद मोठ्याने वाचावा लागेल आणि कुणाला तरी तो आपल्या बोलीत सांगावा लागेल. ॲपची घाई नको. रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका उघडून ठेवली तर गवंडीकाम करणारा माणूसही सांगेल, जाडी लिहिली तेवढी आहे का.

पहिला कागद मी पाणीपट्टीचा मागेन: प्रभागवार मागणी किती, वसुली किती, आणि नळाला पाणी किती दिवस आलं. पहिले दोन आकडे कार्यालयात सापडतील. तिसरा प्रभागातल्या बायकांना विचारावा लागेल.