हिरकणीचा कडा आणि लपविलेली गोष्ट
हिरकणीवाडीतून रायगडाचा कडा पाहिला, की तान्ह्यासाठी रात्री तो उतरलेली हिरकणी आम्हांला आठवते. पण जिला जन्मतःच गर्भाशय नाही, तिने या कड्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे? सुमारे पाच हजारांत एक मुलगी अशी जन्मते. शस्त्रक्रियेने योनिमार्ग घडविता येतो. मे २०१७ मध्ये पुण्यात तर एका आईने आपले गर्भाशयच लेकीला दिले. हिरकणीच ती! असे भाग्य मात्र थोड्यांचेच.

एरवी आईबाप सोयरीक जुळविताना गप्प राहतात. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यात कॅनन १०८४ सांगतो, की वंध्यत्वाने विवाह अवैध ठरत नाही. कॅनन १०९८ प्रमाणे फसवणुकीने मात्र ठरू शकतो. म्हणजे ज्याची लाज नाही तेच झाकून आपण लेकीचा संसार धोक्यात घालतो. मुलाला सांगायचे ते साखरपुड्याआधी, आणि तेही तिने स्वतः.