धूमकेतूचे पाणी आणि गंगेचे पावित्र्य

परभणी जिल्ह्यातल्या पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे. या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. संत जनाबाईंचे गंगाखेडही जवळच. गौतम ऋषींच्या तपामुळे ही नदी शंकराच्या जटेतून ब्रह्मगिरीवर उतरली, ही कथा काठावर सर्वांना ठाऊक. त्यामुळे पृथ्वीवरचे पाणी धूमकेतूंनी आणले असावे, असे शास्त्रज्ञ म्हणाले की ‘गंगा आकाशातूनच आली, आता विज्ञानही मानते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा, आणि श्रद्धेच्याच भल्यासाठी टाळावा.

आधी धूमकेतूतले पाणी मोजतात कसे ते पाहू. सूर्याजवळ येताना धूमकेतूतला बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. जमिनीवरून ती मोजणे अवघड, कारण आपल्याच हवेतली वाफ आड येते. म्हणून तिचे तुकडे मोजतात. सूर्याचे अतिनील किरण पाण्याचा रेणू फोडून हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल वेगळे करतात; हायड्रॉक्सिल 18 सेंटिमीटर तरंगलांबीवर रेडिओ दुर्बिणीला सापडतो, हायड्रोजनचा अफाट ढग सोहो यान टिपते. रोझेटा यान तर थेट 67पी धूमकेतूपाशीच गेले. जून 2014 मध्ये तो सेकंदाला जेमतेम 300 मिलिलिटर पाणी सोडत होता. 13 ऑगस्ट 2015 रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ आला, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत हेच प्रमाण दिवसाला सुमारे एक लाख टनांवर गेले.

पण हे पाणी आपल्या समुद्रासारखे आहे का?

ते जड हायड्रोजनच्या प्रमाणावरून ठरते. 2011 मध्ये हार्टली-2 धूमकेतूचे प्रमाण समुद्राशी जुळले. 2014 मध्ये 67पीचे तिपटीहून अधिक निघाले. 2024 मध्ये त्याच नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा धुळीमुळे आकडा फुगला होता आणि खरे प्रमाण समुद्राच्या बरेच जवळ आहे, असा निष्कर्ष आला. विज्ञान असेच पुढे जाते, त्यात कमीपणा काहीच नाही. पण ज्याने गंगेचे पावित्र्य या आकड्याला बांधले, त्याला तेरा वर्षांत दोनदा माघार घ्यावी लागली असती. पर्वणीला नदीत उतरणारी बाई पाण्याचा उगम तपासत नाही. तिचे नाते नदीशी आहे, आणि त्याला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही.

शेंडेनक्षत्राच्या, म्हणजे धूमकेतूच्या, भीतीचे मात्र तसे नाही. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेत, धूमकेतू शोधणाऱ्या हौशी आकाशनिरीक्षकाच्याच घरी धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ होतो. अपशकुन हा जगात काय घडेल याविषयीचा दावा आहे. तिथे मोजणीला बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त केतूंची, म्हणजे धूमकेतूंची, फळे सविस्तर दिली, पण त्यांचा उदय-अस्त गणिताने कळत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवले. हॅलीचा धूमकेतू जुलै 2061 मध्ये सूर्याजवळ येईल, हे आज गणिताने सांगता येते.