पासबुक भरून मिळेल

मूल शाळेत काय शिकतं हे बापाला किती कळावं? आमच्या वडिलांच्या काळी याचं उत्तर सोपं होतं : जवळजवळ काहीच नाही. परीक्षेनंतर प्रगतिपुस्तक यायचं, वडील लाल रेघा मोजायचे, "इंग्रजीकडे बघ जरा" म्हणत सही ठोकायचे आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे. मी सहावीत आहे की सातवीत, हेही त्यांना बहुधा त्या सहीच्या वेळीच कळत असावं.

आता आमची कन्या सातवीत आहे आणि मला सगळं कळतं. रोज दुपारी अडीचला मी काउंटरवर असताना वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप येतो. भूगोल : भरती-ओहोटी. नागरिकशास्त्र : मूलभूत हक्क. गणित : सरळव्याज, उदाहरणं वहीत. त्याखाली तीसएक पालक अंगठे उगारतात आणि एक माउली न चुकता विचारते, "कुठल्या वहीत?"

तक्रार कशी करणार? कायदाच तसा आहे. 2009च्या शिक्षणहक्क कायद्यात शिक्षकांनी पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत आणि प्रगती सांगावी असं कलमच आहे, आणि ते योग्यच आहे. पोरगं आठवडाभर दांडी मारत असेल, त्याला फळ्यावरचं दिसत नसेल, तर ते घरी कळलंच पाहिजे. पण हजेरी वेगळी आणि भरती-ओहोटी वेगळी. चंद्र समुद्राला ओढतो ही बातमी लेकीनं मला पायातले बूट काढायच्या आत सांगायची. ती मला एका आजोबांच्या पेन्शनच्या अर्जावर शिक्का मारताना कळली! रात्री जेवताना मी विचारलं, "आज काय शिकवलं गं?" तर ती म्हणाली, "बाबा, ग्रुपवर आलंय की." आणि आमटी वाढून घेतली.

म्हणजे प्रश्न असा, की ही ठेव नक्की कोणाच्या नावावर? आमच्या धंद्यात याला उत्तर आहे. दहा वर्षं पुरी झालेल्या मुलाला बचत खातं स्वतःच्या सहीनं चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेनं 2014 सालीच मोकळीक दिली. मर्यादा बँक आपापली ठरवते, पण सही मुलाची. पैशाच्या बाबतीत पोरावर एवढा विश्वास, आणि डोक्यात जमा झालेल्या भरती-ओहोटीचं पासबुक मात्र रोज बापाला भरून द्यायचं! (आमची सौ. म्हणते, तुम्हाला सगळीकडे बँकच दिसते. दिसते. काय करणार, बी.कॉम. आहे.)

आमच्या शाखेचे सुरक्षारक्षक चौथीपर्यंत शिकलेले. त्यांचा मुलगा सहावीत. त्यांच्याकडे साधा फोन, त्यामुळे ग्रुपबिप काही नाही. ते रोज रात्री पोराला समोर बसवतात आणि म्हणतात, "सांग." पोरगं सांगतं. बापाला समजेना म्हणून पुन्हा सांगतं, मग खडूनं फरशीवर काढून दाखवतं.

परवा ते माझ्याकडे मुदत ठेवीची पावती घेऊन आले. "साहेब, वीस हजार, सात टक्के, दोन वर्षं. पोरानं हिशेब केला, व्याज 2,800 होतंय. बँक 2,978 द्यायला निघालीय. 178 रुपये जास्तीचे कसले? उद्या परत मागाल!"

मी म्हटलं, "पोराचं बरोबर आहे. त्याचं सरळव्याज आहे. आपण दर तीन महिन्यांनी व्याज मुदलात घालतो, मग त्या व्याजावरही व्याज चढतं. याला चक्रवाढ म्हणतात. थांबा, कागदावर मांडूनच दाखवतो."

त्यांनी माझ्या हातातलं पेन हळूच बाजूला केलं. "हे पोरांना शिकवत्यात का?"

"आठवीत."

"मग असू द्या साहेब," ते पावती घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "दोन वर्सांनी तोच सांगंल."