जुळलेल्या क्रमांकाची साक्ष

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या व्यवहारात ‘मॅचिंग नंबर’ हा शब्दप्रयोग वारंवार कानी पडतो. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीत जे इंजिन बसवलेले होते तेच आजही तिच्यात आहे, आणि इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर ज्यात कोरलेले असतात त्या ओतीव धडावर, ठोकलेला क्रमांक कारखान्याच्या दप्तराशी जुळतो, एवढाच त्याचा अर्थ. मात्र या एवढ्याशा अर्थावर किमतीतला मोठा फरक, संग्राहकाची प्रतिष्ठा आणि अलीकडे भारतात गाडीचा कायदेशीर दर्जाही काही अंशी अवलंबून राहू लागल्यामुळे, मूळ इंजिनाची ओळख पटवणे हे काम एकट्या मेकॅनिकचे उरलेले नाही. वस्तू तीच आहे हे कशावरून ठरते, आणि ते ठरवताना कोणाची साक्ष ग्राह्य धरायची, असे दोन जुने तात्त्विक प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

नवी मुंबईत या प्रश्नाला एक स्थानिक पैलू आहे. सिडकोची स्थापना १९७० सालची आणि ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ सालचा. त्यामुळे जी गाडी आज ५० वर्षांहून जुनी ठरते ती बहुधा या शहराच्या बरोबरीची किंवा त्याच्याहून वडील असते. शिवाय ‘एमएच’ने सुरू होणारी क्रमांकमालिका १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाल्यानंतरची असल्याने, वाशीचा एमएच-४३ किंवा पनवेलचा एमएच-४६ हा क्रमांक घेऊन इथेच पहिल्यांदा नोंदलेली व्हिंटेज गाडी सध्या तरी असू शकत नाही. नेरुळच्या किंवा खारघरच्या एखाद्या इमारतीच्या वाहनतळात कापडाखाली झाकून ठेवलेली जॅग्वार किंवा एमजी ‘बीएम’ वा ‘एमएम’ने सुरू होणारा मुंबईचा जुना क्रमांक, किंवा आणखी कुठल्या जिल्ह्याचा क्रमांक, सोबत घेऊनच आलेली असते. तिचा कागदोपत्री जन्म दुसऱ्या गावी झालेला, मधली मालकी तिसऱ्याच गावी गेलेली, आणि मूळ आरसी बुकातल्या हस्तलिखित नोंदी पुढे केव्हातरी संगणकावर चढवताना एखादा आकडा इकडचा तिकडे होण्याची शक्यताही राहिलेली. पडताळणीची खरी सुरुवात म्हणूनच बॉनेट उघडण्याआधी, कागदांपासून करावी लागते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी किंवा चारचाकी मूळ स्वरूपात जतन केलेली असेल, आणि चॅसिस म्हणजे सांगाडा, बॉडी शेल म्हणजे बाह्य कवच किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती तिच्यावर झालेली नसेल, तर ती व्हिंटेज मानली जाते आणि तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. गाडी पात्र आहे की नाही हे राज्याने नेमलेली समिती तपासून ठरवते. या व्याख्येतले ‘मूळ स्वरूप’ हे शब्द वाचताना सोपे वाटतात. ते सोपे नाहीत, हे इंजिनाजवळ गेल्यावर कळते.

जॅग्वार ई-टाइपचे उदाहरण घेता येईल. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात अवतरलेल्या या गाडीतले सहा सिलिंडरचे एक्सके इंजिन म्हणजे ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि त्यावर बसवलेले ॲल्युमिनियमचे हेड. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर उजव्या बाजूला ऑइल फिल्टरच्या वर ठोकलेला असतो आणि तोच क्रमांक हेडच्या पुढच्या भागावरही असतो. गाडीवर लावलेल्या धातूच्या पट्टीवर चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी असे चार क्रमांक एकत्र दिलेले असतात. सुरुवातीच्या ३.८ लिटर इंजिनांचे क्रमांक ‘आर’ या अक्षराने सुरू होतात, १९६४ पासूनच्या ४.२ लिटर इंजिनांचे ‘७ई’ने. क्रमांकाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर येणारा ८ किंवा ९ हा आकडा कॉम्प्रेशन रेशो सांगतो, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल व हवेचे मिश्रण पेटण्यापूर्वी किती पट दाबले जाते ते. कमी ऑक्टेनच्या, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट घेणाऱ्या, पेट्रोलवर ९ पट दाबाचे इंजिन ठोके देऊ लागते, म्हणून पिस्टन बदलून तो दाब उतरवणे ही अनेक ठिकाणी केली गेलेली व्यावहारिक तडजोड आहे. अशा इंजिनावरचा क्रमांक दप्तराशी तंतोतंत जुळेल, आणि तरीही तो क्रमांक स्वतःच्या शेवटच्या आकड्याने आतल्या वस्तुस्थितीविषयी खोटे सांगत राहील.

अमेरिकी शेव्हरोले कॉर्वेटमध्ये अडचण वेगळी आहे. तिच्या व्ही-८ इंजिनाचा ठोकलेला क्रमांक ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या पुढच्या टोकाला, उजव्या हेडच्या लगत असतो. हेड जिथे बसते तो हा पृष्ठभाग जुन्या इंजिनात वाकडा झाला की वर्कशॉपमध्ये त्याला फेस मारतात, म्हणजे यंत्रावर त्याचा पातळ थर खरवडून तो पुन्हा सपाट करतात. आणि या अगदी प्रामाणिक दुरुस्तीत मूळ क्रमांक नाहीसा होतो. तो पुन्हा ठोकला तर ती नक्कल ठरते, न ठोकला तर इंजिन अनामिक राहते. जाणकार अशा वेळी आकड्यांपेक्षा त्यांच्याखालच्या धातूकडे पाहतात: कारखान्यात हा पृष्ठभाग ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी अवजार एका ओढीत सरकवून, सपाट केलेला असल्यामुळे त्यावर केसासारख्या बारीक समांतर रेषा उरतात, आणि नंतर घासलेल्या पृष्ठभागावर त्या तशा दिसत नाहीत. त्याशिवाय ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतकामाची तारीख उठावाच्या अक्षरांत असते. तिच्यात जानेवारीसाठी ए, फेब्रुवारीसाठी बी असा क्रम चालतो; ‘ई १४ ५’ याचा अर्थ, गाडी त्या दशकातली असल्यास, १४ मे १९६५. ब्लॉक आधी ओतला जातो, मग इंजिनाची जुळणी होते, मग ते गाडीत बसते. म्हणून एप्रिलमध्ये कारखान्याबाहेर पडलेल्या गाडीत मे महिन्यात ओतलेला ब्लॉक आढळला, तर वरचे सगळे क्रमांक कितीही सुबक जुळोत, दावा तिथेच संपतो.

पडताळणीचे तर्कशास्त्र इथे उघड होते. भारतीय न्यायदर्शनाच्या परिभाषेत सांगायचे तर ब्लॉकवरचा ठसा हे प्रत्यक्ष, ओतकामाच्या तारखेवरून काढलेला निष्कर्ष हे अनुमान, आणि कारखान्याचे दप्तर हे शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याचे वचन. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट किंवा ब्रिटनमधल्या गेडन येथील ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट मूळ उत्पादन-नोंदींवरून जी प्रमाणपत्रे देतात ती या तिसऱ्या प्रकारची. गाडी कोणत्या क्रमांकाच्या इंजिनासह बाहेर पडली एवढे ती सांगतात, आज तिच्यात कोणते इंजिन आहे याविषयी त्यांना काहीच म्हणायचे नसते. हा भेद विक्रेते सोयीस्करपणे विसरतात. शिवाय ज्याच्या हाती प्रमाणपत्र आहे त्याला कोणता क्रमांक ठोकायचा हेही आयतेच कळलेले असते. म्हणून पुराव्याचे वजन क्रमांक जुळण्यातून येत नाही. एकमेकांना कधीही न भेटलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगतात की नाही, यावरून ते ठरते. ओतकाम करणाऱ्या कामगाराला गाडीच्या खरेदीदाराचे नाव ठाऊक नव्हते, आणि क्रमांक ठोकणाऱ्याला साठ वर्षांनंतरच्या लिलावाची कल्पना नव्हती.

भारतीय परिस्थितीत असा एक निःस्वार्थ साक्षीदार आरटीओच्या फायलीत सापडू शकतो, आणि त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. चॅसिस क्रमांकावर कागद धरून त्यावर पेन्सिल घासून घेतलेला ठसा नोंदणीच्या अर्जासोबत जोडण्याची पद्धत आहे. जिथे हात पोहोचतो तिथे इंजिन क्रमांकाचाही ठसा घेतला जातो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करताना निरीक्षक गाडी पुन्हा पाहतो. त्या वेळच्या निरीक्षकाला क्रमांक बरोबर आहे की नाही एवढेच पाहायचे होते. परंतु ठशात आकड्यांखेरीज बरेच काही उतरते. पंचाचे वळण, दोन आकड्यांतले अंतर, एखाद्या ३ ची किंचित कललेली पाठ, हे सगळे त्या राखाडी पट्टीवर राहते, आणि जुना ठसा आजच्या धातूशेजारी ठेवला की मधल्या काळात क्रमांक पुन्हा ठोकला गेला किंवा कसे, याचा अंदाज बांधता येतो. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडाला खड्डे पडून क्रमांक झिजतो, तेव्हा तर हा ठसा धातूपेक्षाही अधिक वाचनीय ठरू शकतो. चोरीच्या प्रकरणांत न्यायवैद्यक प्रयोगशाळा याहून पुढे जाते: पंच मारताना पृष्ठभागाखालचे पोलादही दबलेले असते, त्यामुळे आकडे घासून टाकले तरी क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणाने ते काही वेळा पुन्हा उमटवता येतात. हौशी संग्राहकाने आपल्या गाडीवर हा प्रयोग करू नये, हे सांगायला हवेच असे नाही.

इंजिन मूळचे नाही हे सिद्ध झाल्यावर गाडी ‘ती’ उरत नाही का, हा पुढचा प्रश्न. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे चाके की आस की दांडा, आणि यांपैकी एकही भाग रथ नव्हे, भागांच्या जुळणीला दिलेले ते व्यवहारातले नाव आहे, असे त्याच्याकडून मान्य करून घेतो. नैयायिकांना हे पटत नव्हते. अवयवी, म्हणजे भागांहून वेगळा असा संपूर्ण पदार्थ, त्यांना खराखुरा हवा होता, आणि त्यासाठी एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो असे मानण्याची किंमत ते मोजत होते. मॅचिंग नंबरचा आग्रह धरणारा खरेदीदार नकळत नैयायिकांच्या पक्षाचा असतो. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने मात्र १९९० साली वेगळी वाट धरली. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली स्पीड सिक्सचा एक कोटी पौंडांचा सौदा, ही मूळ गाडीच नव्हे असे म्हणत खरेदीदार कंपनीने नाकारला होता, आणि तिच्यात १९२९ चे जवळजवळ काही उरले नव्हते हेही खरे होते. १९३२ साली ब्रुकलँड्‌सच्या भीषण अपघाताच्या वेळी तिच्यात आठ लिटरचे दुसरेच इंजिन होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी शब्दशः ‘मूळ’ हे विशेषण तिला नाकारले, पण ती अस्सल आहे असा निवाडा दिला, कारण तिचा इतिहास अखंड होता आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नव्हती. ओळख भागांत नसून न तुटलेल्या नोंदीत असते, हा या निवाड्याचा गाभा भारतासारख्या देशाला अधिक लागू पडतो.

इथे जुन्या गाडीचे इंजिन बदलले जाणे हा बहुधा मालकाचा विक्षिप्तपणा नव्हता. जनरल मोटर्सने शिवडीत १९२८ साली सुरू केलेला जुळणीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला, कारण देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना सरकारी धोरणात जागा राहिली नव्हती. आयातीवरच्या निर्बंधांमुळे सुटे भाग दुर्मीळ झाले. आणि १९७३ नंतर पेट्रोल महागल्यावर मोठ्या परदेशी गाड्यांत डिझेल इंजिने बसवणे हा त्या चालू ठेवण्याचा एक मार्ग ठरला. पुढे २६ जुलै २००५ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्यांची इंजिने गेली: सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, म्हणून तशा अवस्थेत स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि प्रसंगी ब्लॉक फोडून बाहेर येतो. अशा बदलांची दखल घेण्याची सोय कायद्यात १९३९ पासून होती. आजच्या कायद्याचे कलम ५२ तर उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणे लावला.

यातून एक विचित्र विषमता उभी राहते. ज्या मालकाने इंजिन फुटल्यावर रीतसर अर्ज करून दुसरे बसवले आणि त्याचा क्रमांक आरसीवर चढवून घेतला, त्याची गाडी आज लिलावात ‘नॉन-मॅचिंग’ म्हणून उतरते, आणि समितीनेही नियमाचा अर्थ ताणून लावला तर तीच नोंद तिच्या पात्रतेच्या आड येऊ शकते. ज्याने दुसरा ब्लॉक आणून त्यावर जुनाच क्रमांक गुपचूप ठोकला, त्याचे कागद मात्र स्वच्छ राहतात. पडताळणीचा रोख केवळ क्रमांक जुळतो की नाही एवढ्यावर ठेवला, तर ती अप्रामाणिकपणाला पदरचे बक्षीस देते. आणि बाजार हे करतो तेव्हा ते समजण्यासारखे असले, तरी सरकारी समितीने तसे करण्याचे कारण नाही. नियमातला रोख ‘बदल करणाऱ्या मोठ्या दुरुस्ती’वर आहे. त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे आणि त्याच काळातले इंजिन परवानगीने बसवणे हा त्या अर्थाने बदल ठरू नये, असा अर्थ लावण्यास त्या शब्दांत पुरेशी जागा दिसते. ई-टाइपमध्ये ट्रकचे डिझेल बसवलेले असेल तर गोष्ट वेगळी. पण दुसऱ्या ई-टाइपचे ४.२ लिटर इंजिन, आरसीच्या पानावर निरीक्षकाच्या सहीनिशी आणि तारखेनिशी दाखल झालेले असेल, तर ते पान हाही समितीसमोरचा पुरावाच असतो, आणि पेन्सिलच्या ठशांप्रमाणेच तो तपासता येतो.